कैरवानच्या डॉक्टरचा आरसा

ट्युनिशियातलं कैरवान हे शहर सातव्या शतकात उक्बा इब्न नाफी या अरब सेनापतीने वसवलं. तिथल्या थोरल्या मशिदीमुळे सगळ्या उत्तर आफ्रिकेत त्याला मान. पण गावाची तटबंदी ओलांडली की दिसते सपाट, भाजलेली जमीन, तुरळक खुरटी झुडपं आणि डोक्यावर अफाट आभाळ. १९०१ साली या गावात फेलिक्स सान्ची नावाचे एक तरुण स्विस डॉक्टर दवाखाना थाटून राहिले. ट्युनिशियावर फ्रान्सचा अंमल येऊन तेव्हा वीस वर्षं झाली होती. युरोपातून आलेल्या डॉक्टरचं तिथे कुणाला अप्रूप नव्हतं. पण रुग्ण तपासून उरलेला सगळा वेळ हे गृहस्थ उन्हात जमिनीवर वाकून मुंग्या न्याहाळत काढायचे. लोकांनी त्यांना नाव दिलं ‘तबीब-अन-नम्ल’, म्हणजे मुंग्यांचा वैद्य.

हे वेड त्यांनी मायदेशातूनच आणलं होतं. त्या काळी स्वित्झर्लंडमध्ये मुंग्यांचा अभ्यास म्हटलं की ऑग्युस्त फोरेल हे नाव पुढे यायचं. फोरेल पेशाने मनोविकारतज्ज्ञ, झुरिकच्या बुर्गहोल्त्सली या प्रसिद्ध मनोरुग्णालयाचे प्रमुख. माणसाच्या मेंदूइतकाच जीव त्यांनी मुंगीवर लावला. (पुढे १००० फ्रँकच्या स्विस नोटेवर एका बाजूला फोरेल आणि दुसऱ्या बाजूला मुंग्या छापल्या गेल्या. मुंगीच्या वाट्याला एवढी मोठी नोट दुसऱ्या कुठल्या देशात आली असेल असं वाटत नाही.) १८९६ साली फोरेल कोलंबियाला गेले तेव्हा सान्ची त्यांच्यासोबत होते. कैरवानला आल्यावर सान्चींनी मुंग्यांच्या जाती-उपजातींना नावं द्यायला सुरुवात केली आणि आयुष्यभरात तो आकडा २००० च्या आसपास नेला. एका परोपजीवी जातीची राणी दुसऱ्या जातीच्या वारुळात शिरते, तिथल्या राणीच्या पाठीवर चढून बसते आणि सावकाश तिचं मुंडकं कापून गादी बळकावते, ही मोगलाई थाटाची हकीकत प्रथम जगाला सांगितली ती त्यांनीच.

नावं देण्याचं काम चिकाटीचं असतं आणि अशी चिकाटी त्या काळच्या बऱ्याच हौशी संग्राहकांकडे होती. सान्चींना इतिहासात जागा मिळाली ती एका वेगळ्याच प्रश्नामुळे. अन्नाच्या शोधात लांब गेलेली मुंगी परत घरी कशी येते?

या प्रश्नाचं एक उत्तर आपल्याकडे लहान मुलांनाही ठाऊक असतं. भिंतीवरून चाललेल्या मुंग्यांच्या रांगेवर आडवं बोट फिरवलं की रांग तिथेच तुटते. पुढच्या मुंग्या चाचपडतात, मागे वळतात, एकमेकींच्या मिशांना मिशा लावतात आणि मग कुणी एखादी धीट मुंगी तो पट्टा ओलांडते. अठराव्या शतकात जिनिव्हाच्या शार्ल बॉने यांनी नेमका हाच प्रयोग केला आणि निष्कर्ष काढला की मुंग्या वासाच्या वाटेने जातात. तो निष्कर्ष बरोबरही होता. अडचण एवढीच की एकदा हे उत्तर हाती आल्यावर शे-सव्वाशे वर्षं बहुतेकांनी मान वर केली नाही. मुंगी जमिनीवर चालते, तेव्हा तिचं रहस्यही जमिनीतच असणार, असा एकंदर हिशेब. १८९८ मध्ये जर्मनीच्या आल्ब्रेख्त बेथे यांनी तर मुंग्या-मधमाश्यांना मन म्हणून काही असतं असं मानायचंच कशाला, असा सवाल टाकून त्यांना निव्वळ प्रतिक्षिप्त क्रियांची यंत्रं ठरवलं. मुंगीच्या वाटेवरचा वासच घराकडची आणि घरापासूनची दिशा वेगवेगळी सांगतो, असं त्यांचं म्हणणं.

फ्रान्समध्ये झां-आंरी फाब्र यांना वासाचं हे उत्तर बेथेंच्या आधीपासूनच पटलेलं नव्हतं. त्यांनी आपल्या अंगणातल्या लाल, लुटारू मुंग्यांच्या वाटेवर पाणी सोडलं, वाळू पसरली, वर्तमानपत्राचे कागद अंथरले. मुंग्या बिचकल्या, पण गेल्या. काहीतरी डोळ्यांनी ओळखूनच त्या जात असणार, एवढं फाब्र यांनी ताडलं आणि ते थांबले. पॅरिसच्या आंरी पियेराँ यांनी १९०४ मध्ये घराकडे निघालेली मुंगी उचलून लांब नेऊन ठेवली. नव्या जागेवरूनही ती आधीच्याच दिशेला, जवळपास तेवढंच अंतर चालून गेली आणि जिथे घर असायला हवं होतं पण नव्हतं, तिथे शोधत फिरू लागली. पियेराँ म्हणाले, ही पायांची आठवण: जाताना केलेल्या हालचाली शरीराने लक्षात ठेवल्या आहेत. तिकडे अल्जीरियात व्हिक्तोर कॉर्नेत्झ नावाचे इंजिनिअर मुंगीच्या मागे मागे फिरून तिच्या वाटांचे नकाशे काढत होते. ते नकाशे इतके काटेकोर की आजही कुणाला दाखवावेत. त्यांचा निष्कर्ष असा की मुंगीच्या आतच दिशेची एक जाणीव बसवलेली आहे, बाहेरच्या कशाचीही तिला गरज नाही.

आता यात इंग्लंडच्या एका बँकरची नोंद घ्यायला हवी, कारण प्रकाश आणि मुंगी यांची सांगड प्रथम त्यांनी घातली. जॉन लबक यांची घरची बँक होती, ते संसदेत होते आणि बँकेच्या कारकुनांना पगारी सुट्ट्या मिळवून देणारा १८७१ चा बँक हॉलिडे कायदा त्यांनीच आणला. डार्विन त्यांचे शेजारी. घरात काचेच्या दोन तावदानांमध्ये त्यांनी मुंग्यांची वसाहत पाळली होती आणि त्यांतली एक राणी तेरा वर्षांहून जास्त काळ त्यांच्याकडे जगली. काचेवरचं झाकण काढलं की मुंग्या आपले कोष उचलून अंधाऱ्या कोपऱ्यात नेतात, हे लबक रोज बघत होते. त्यांनी वसाहतीवर रंगीत काचा ठेवल्या. मुंग्या तांबड्या काचेखाली गोळा झाल्या, जांभळी टाळली. मग लोलकातून इंद्रधनुष्याचा पट्टा पाडला. जांभळ्या रंगाच्याही पलीकडे, जिथे माणसाच्या डोळ्याला काहीच दिसत नाही, तिथून मुंग्यांनी कोष घाईने हलवले. आपल्याला जिथे काळोख दिसतो तिथे त्यांना उजेड दिसत होता. उलट, आपल्याला पाण्यासारखा स्वच्छ दिसणारा पण अतिनील किरण अडवणारा कार्बन डायसल्फाइडचा द्रव वर ठेवला, तर त्याखाली त्या सावलीत बसावं तशा निवांत बसल्या. प्राण्याला अतिनील प्रकाश दिसतो हे कुणी दाखवून दिल्याची ही पहिली वेळ. फिरत्या टेबलावर मेणबत्त्या मांडूनही त्यांनी पाहिलं आणि उजेडाच्या दिशेचा मुंगीच्या चालण्यावर परिणाम होतो, असं नोंदवलं. १८८२ साली मुंग्या, मधमाश्या आणि गांधीलमाश्यांवरच्या त्यांच्या पुस्तकात हे सगळं छापून आलं. पुस्तक खपलं, आवृत्त्या निघाल्या. पण मेणबत्तीवरून सूर्यावर कुणी गेलं नाही. स्वतः लबकही नाही.

गेले ते सान्ची. मला यात इंग्लंडच्या दिवाणखान्याचा आणि ट्युनिशियाच्या माळाचा फरक दिसतो. कैरवानच्या माळावर खुणेला धरावं असं काही नसतं, ना झाड ना दगड. आणि तिथल्या बऱ्याच मुंग्या रांगेने जात नाहीत. रणरणत्या उन्हात एकटी मुंगी निघते, वाकडीतिकडी भटकते, दाणा किंवा मेलेला किडा मिळाला की तडक सरळ रेषेत घरी येते. तिला रोज असं येताना बघणाऱ्या माणसाला जमिनीचा वास हे उत्तर पुरत नाही.

प्रयोगाला लागलं काय, तर एक पडदा आणि एक आरसा. मुंगी घराकडे निघाली आहे. सूर्य एका बाजूला आहे. त्या बाजूने पडदा धरून तिच्यावर सावली करायची आणि विरुद्ध बाजूने आरशातून सूर्याचं प्रतिबिंब तिच्यावर टाकायचं. जमीन तीच, जमिनीवरचा वास तोच, मुंगीचे पाय आणि त्या पायांची आठवण तीच. बदलली ती फक्त उजेडाची बाजू. मुंगी थबकली, वळली आणि घराला पाठ करून तितक्याच ठामपणे चालू लागली. आरसा काढला की पुन्हा वळली आणि घराच्या वाटेला लागली. हे पुन्हा पुन्हा, वेगवेगळ्या जातींच्या मुंग्यांवर करून सान्चींनी १९११ साली एका स्विस नियतकालिकात प्रसिद्ध केलं. प्राण्यांच्या वागणुकीच्या अभ्यासात इतका स्वस्त आणि इतका निर्णायक प्रयोग क्वचितच झाला असेल. कॉर्नेत्झ यांची आंतरिक जाणीव आरशाने कशी काय फिरवली, याला उत्तर नव्हतं. कॉर्नेत्झ वाद घालत राहिले, तो भाग वेगळा.

सान्चींनी मांडलेली यंत्रणा अशी: मुंगी सूर्याशी एक कोन धरून चालते. जाताना ऊन उजव्या डोळ्यावर असेल तर परतताना ते डाव्या डोळ्यावर ठेवायचं, झालं. यावर एक साधी शंका कुणालाही येईल. सूर्य तर सरकतो. झुरिकचे डॉक्टर रूडॉल्फ ब्रून यांनी १९१४ मध्ये तेच तपासलं. घराकडे निघालेल्या मुंगीवर त्यांनी डबा पालथा घातला, काही तासांनी उचलला. मधल्या काळात सूर्य जितका सरकला होता, साधारण तितक्याच कोनात मुंगीची वाट चुकली. म्हणजे होकायंत्र सूर्याचं, हे नक्की. पण मुंगीला घड्याळ नाही, असा अर्थ निघाला. तो पुरता खरा नव्हता. १९५७ मध्ये रूडॉल्फ यांडर यांनी युरोपातल्या वनमुंग्यांवर दाखवलं की त्या सूर्याचं सरकणं हिशेबात धरतात. मात्र हिवाळा उलटून नुकत्याच बाहेर पडलेल्यांना ते जमत नाही. ते शिकावं लागतं.

पण सान्चींच्या कामातला मला सर्वांत मोलाचा वाटणारा भाग आरशाचा नाही, त्यानंतरचा आहे. पडद्याने सूर्य झाकला आणि आरसा वापरलाच नाही, तर मुंगीने गोंधळायला हवं होतं. ती गोंधळली नाही. सूर्य दिसत नसतानाही ती बरोबर घरी निघाली. दुसऱ्या एखाद्याने स्वतःच्या गाजलेल्या सिद्धांताला छेद देणारी ही गोष्ट तळटीपेत ढकलली असती. सान्चींनी पुठ्ठ्याची नळकांडी केली, दोन्ही बाजूंनी उघडी. चालत्या मुंगीभोवती ती उभी धरायची आणि तिच्या चालीने सरकवत न्यायची. आता मुंगीला ना क्षितिज दिसतं, ना सूर्य. वर निळ्या आभाळाचा एक गोल तुकडा, बस्स. तेवढ्यावर मुंगीने दिशा राखली. मग नळकांड्याच्या तोंडावर त्यांनी दुधी काच ठेवली. उजेड जवळपास तेवढाच आत येत होता, फक्त पसरट होऊन. मुंगी भरकटली.

निळ्या आभाळाच्या कोऱ्या तुकड्यात असं काय आहे, जे दुधी काचेतून येताना नाहीसं होतं? १९२३ साली हे निष्कर्ष छापताना सान्चींपुढे हाच प्रश्न होता आणि त्यांनी निरनिराळ्या शक्यता तपासून पाहिल्या. त्यांतली एक अशी की मुंगीला भर दिवसा तारे दिसत असावेत. आज वाचताना हसू येतं खरं. पण ज्या माणसाने स्वतःच्या डोळ्यांनी मुंगीला रिकाम्या निळ्या तुकड्यावरून वाट काढताना पाहिलं होतं, त्याने आणखी काय मानायचं? तिथे काहीतरी खूण आहे आणि ती मला दिसत नाही, एवढं त्याने कबूल केलं होतं. खुणेचं नाव चुकलं.

खरं उत्तर भौतिकशास्त्राच्या पुस्तकांत शंभर वर्षं पडून होतं. प्रकाशाची लहर प्रवासाच्या दिशेशी काटकोनात, कुठल्याही बाजूने थरथरू शकते. सूर्यावरून थेट येणाऱ्या प्रकाशात या थरथरीला ठरावीक बाजू नसते. हवेच्या रेणूंवर विखुरलेल्या प्रकाशात मात्र एक बाजू वरचढ होते, प्रकाश ‘ध्रुवित’ होतो. आभाळाचा प्रकाश असा ध्रुवित असतो हे फ्रान्सच्या फ्रांस्वा अरागो यांनी १८०९ मध्येच दाखवलं होतं आणि तो तसा का होतो हे लॉर्ड रॅले यांनी १८७१ मध्ये सांगितलं. सूर्यापासून काटकोनात असलेल्या आभाळाच्या पट्ट्यात हा परिणाम सर्वांत ठळक असतो. थोडक्यात, सूर्याभोवती साऱ्या आभाळभर न दिसणाऱ्या रेघांची नक्षी असते. तिचा एक तुकडा वाचता आला तरी सूर्य कुठे आहे हे कळतं. दुधी काच हीच नक्षी विस्कटून टाकते. अरागो पॅरिसचे, सान्ची फ्रेंचमध्येच लिहिणारे. पण पदार्थविज्ञानाचा ग्रंथ आणि वारुळाची वही एका टेबलावर आली नाहीत.

याचा दोष सान्चींना देता येत नाही. १९२३ मध्ये ध्रुवित प्रकाश तपासायला निकोल लोलक होता. चालत्या मुंगीच्या डोक्यावरचं आभाळ झाकायला तो पुरला नसता. प्लास्टिकच्या तावासारखी मोठी, स्वस्त ध्रुवक पट्टी एडविन लँड यांनी तयार केली ती त्यानंतर काही वर्षांनी. शिवाय सान्ची कुठल्या विद्यापीठात नव्हते. त्यांच्याकडे विद्यार्थी नव्हते, प्रयोगशाळा नव्हती, आणि निबंध छापला तो लोझानच्या प्रांतिक निसर्गविज्ञान मंडळाच्या वृत्तांतात. मुंग्यांना नावं देणारे म्हणून जगभरचे संग्राहक त्यांना ओळखत, नमुने पाठवत. तारे बघणाऱ्या मुंगीची गोष्ट मात्र विसरली गेली.

जाता जाता एक योगायोग. १९१४ च्या एप्रिलमध्ये, म्हणजे आरशाच्या प्रयोगांनंतर दोन-तीन वर्षांनी, पॉल क्ले हा स्वित्झर्लंडमध्ये वाढलेला चित्रकार दोन मित्रांसह ट्युनिशियात आला आणि कैरवानला पोचला. तिथल्या उजेडाने त्याच्या चित्रांची जातच बदलली. आपल्याला रंग सापडला तो तिथे, असं तो मानायचा. एकाच गावाच्या एकाच उजेडात दोन माणसांना दोन वेगळ्या गोष्टी सापडल्या. त्यांतली एक संग्रहालयांच्या भिंतींवर लागली. दुसरी पंचवीसेक वर्षं कपाटात राहिली.

तिला पुन्हा वाट मिळाली ती मधमाश्यांमुळे. ऑस्ट्रियाचे कार्ल फॉन फ्रिश मधमाश्यांच्या नाचावर काम करत होते. पोळं आडवं ठेवलं आणि वरून निळं आभाळ दिसू दिलं, तर माशी नाचून अन्नाची दिशा बरोबर दाखवते. आभाळ झाकलं तर तिचा नाच भरकटतो, हे त्यांच्या लक्षात आलं. आभाळाचा छोटा तुकडाच दिसावा म्हणून त्यांनी धुराड्याचा पाइप लावला. सान्चींच्या पुठ्ठ्याच्या नळकांड्याचा हा लोखंडी भाऊच. पण फॉन फ्रिश यांना एक गोष्ट मिळाली जी सान्चींना मिळाली नव्हती: विचारायला पदार्थवैज्ञानिक. हान्स बेन्नडॉर्फ यांनी त्यांना ध्रुवित प्रकाशाकडे बोट दाखवलं. फॉन फ्रिश यांनी ध्रुवक पट्टी मिळवली, पोळ्यावर धरली आणि फिरवली. माश्यांचा नाच पट्टीबरोबर फिरला. हे १९४९ मध्ये प्रसिद्ध झालं आणि लगेच पुढच्या वर्षी डी. एम. व्हाउल्स यांनी मुंग्यांनाही ध्रुवित प्रकाश कळतो हे ‘नेचर’मध्ये मांडलं. सान्ची १९४० सालीच लोझानला वारले होते.

त्याच १९४० साली जन्मलेले रूडिगर वेनर १९६९ मध्ये झुरिक विद्यापीठातून ट्युनिशियाला गेले. कैरवानच्या दक्षिणेला, गाबेसच्या आखातावरच्या महारेस गावी त्यांनी तळ ठोकला आणि पुढची कित्येक दशकं दर उन्हाळ्यात ते तिथे येत राहिले. त्यांचा प्राणी म्हणजे कॅटाग्लिफिस, लांब पायांची वाळवंटी मुंगी. उन्हाने मेलेले किडे हे तिचं अन्न. ते कुठे पडलेले असतील याचा नेम नाही, आणि तापल्या जमिनीवर वासाची वाट टिकतही नाही. त्यामुळे ती एकटी निघते. तिच्या एका फेरीचा वेनर यांनी काढलेला नकाशा फार प्रसिद्ध आहे: अन्न शोधताना जवळपास ६०० मीटर वेडीवाकडी भटकंती आणि मग जवळपास १४० मीटरची सरळ वाट घराच्या भोकापर्यंत. मुंगीची लांबी सेंटिमीटरभर आणि भोक जेमतेम बोट जाईल एवढं, हे लक्षात घेतलं की त्या सरळ रेषेचं मोल कळतं.

वेनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चाकांची गाडी बनवली. तिच्यावर पडदे, काचा, ध्रुवक पट्ट्या. मुंगी चालेल तशी ही गाडी तिच्यावरून ढकलत न्यायची. सान्चींच्या नळकांड्याचा वारसा इथेही होता. यातून कळलं की मुंगीच्या संयुक्त नेत्राच्या वरच्या कडेला नेत्रिकांचा एक छोटा पट्टा आहे आणि ध्रुवित प्रकाशाचं काम तोच करतो. १९७३ मध्ये पेटर ड्युएली आणि वेनर यांनी आणखी एक गोष्ट दाखवली. मुंगी आभाळाची ही नक्षी वाचते ती अतिनील प्रकाशात. लबक यांच्या घरातल्या काचेखाली जो अदृश्य उजेड पाहून मुंग्यांनी कोष उचलले होते, तोच. नव्वद वर्षांपूर्वीचा निष्कर्ष असा अवचित आपल्या जागी येऊन बसला. सान्चींनाही न्याय मिळाला. १९९० मध्ये वेनर यांनी त्यांच्या कामावर एक सविस्तर लेख लिहिला आणि शीर्षकात कैरवानच्या लोकांनी दिलेलं ‘तबीब-अन-नम्ल’ हे नाव घातलं.

पियेराँ यांचाही सगळाच अंदाज वाया गेला नव्हता. दिशा आभाळातून येते, मग अंतर? २००६ मध्ये माथियास विटलिंगर, वेनर आणि हाराल्ड वोल्फ यांनी अन्नापर्यंत पोचलेल्या मुंग्यांच्या पायांना डुकराचे राठ केस चिकटवून त्यांना जणू उंच काठ्यांवर उभं केलं. काहींचे पाय उलट आखूड केले. लांब पायांच्या मुंग्या घराच्या कितीतरी पुढे गेल्या, आखूड पायांच्या अलीकडेच थांबून शोधू लागल्या. पावलं मोजली जात होती. तेवढ्यापुरती पायांची आठवण खरी निघाली.

दिशा दाखवण्यापलीकडे ऊन मुंगीच्या धंद्याची वेळही ठरवतं. सहारातली चंदेरी मुंगी बरोबर टळटळीत दुपारी बाहेर पडते, तिला खाणारे सरडे उन्हाने आत पळालेले असतात तेव्हा. काही मिनिटांत काम उरकलं नाही तर तीही भाजून मरेल. तिच्या अंगावरच्या तिधारी केसांनी ऊन परतवलं जातं, म्हणून ती चंदेरी दिसते. ऑस्ट्रेलियातल्या काही बुल मुंग्यांचा न्याय नेमका उलटा: त्या दिवेलागणीला, उजेड ठरावीक पातळीच्या खाली उतरला की वारुळातून निघून निलगिरीच्या झाडावर चढतात.

अलीकडच्या कामातली सर्वांत नवलाची गोष्ट मात्र वारुळाच्या आतली आहे. कॅटाग्लिफिसची कामकरी मुंगी जन्मानंतरचे साधारण चार आठवडे जमिनीखाली काळोखात काढते. मग एक दिवस ती दाराशी येते आणि दोन-तीन दिवस भोकाभोवती छोट्या गिरक्या घेत फिरते, अन्नाला तोंड न लावता. मध्येच थांबते, वळते आणि दाराकडे बघते. जर्मनीतल्या व्युर्त्सबुर्ग विद्यापीठात वोल्फगांग ऱ्योस्लर यांच्या गटाने काळोखातल्या मुंग्यांवर प्रकाश टाकून पाहिला. वय कोणतंही असो, उजेड लागला की मेंदूतल्या अळंबीच्या आकाराच्या भागांमध्ये दृष्टीशी संबंधित जोडण्या बदलू लागल्या, बाहेर पडणाऱ्या मुंगीच्या मेंदूत बदलतात तशाच. म्हणजे घरातली मुंगी बाहेरची होते ती वय झालं म्हणून नाही, ऊन लागलं म्हणून. आणि त्या गिरक्यांमध्ये दार कुठे आहे हे ती कशावरून ओळखते? जमिनीलगतचं भोक तर तिला दिसत नाही. २०१८ मध्ये ग्रीसमधल्या प्रयोगांत पॉलिन फ्लाइशमान आणि सहकाऱ्यांनी तारेच्या वेटोळ्यांनी चुंबकीय क्षेत्र फिरवलं, तेव्हा नवख्या मुंग्या दाराऐवजी भलतीकडे बघू लागल्या. आभाळ वाचायला शिकण्याआधी त्या पृथ्वीच्या चुंबकत्वाचा आधार घेतात. कॉर्नेत्झ हयात असते तर ‘आंतरिक जाणीव’ म्हणून त्यांनी यावर नक्की हक्क सांगितला असता.

हे शिकणं आटोपलं की मुंगी कामाला लागते. ट्युनिशियात केलेल्या मोजणीप्रमाणे बाहेर पडू लागल्यावर तिचं आयुष्य सरासरी सहाएक दिवसांचं. कोळी, सरडे, ऊन यांतलं कुणीतरी तिला गाठतंच. तेवढ्या दिवसांत ती स्वतःच्या वजनाच्या १५ ते २० पट अन्न वारुळात आणून टाकते.